दुकानातला सर्व्हर लाईट गेली की बंद. सीडीएन लावू का? (बजेट महिना 200)

मोंढ्यातला_पोऱ्या: लातूरला आमची आडत आहे. साईटवर सोयाबीन-तुरीचा रोजचा भाव टाकतो. सर्व्हर म्हणजे दुकानातलाच जुना पीसी. लाईट गेली की साईट बंद, अन् नेमके सौदा निघायच्या टायमाला फोन सुरू होतात. सीडीएननं (साईटची प्रत जागोजागच्या सर्व्हरवर ठेवून तिथून दाखवायची सेवा) साईट चालू राहते म्हणायलेत. खरं का? महिन्याला 200 च्या वर जाणार नाही.

जालना_हार्डवेअर: सीडीएन-बीडीएन काही नको. मी मोठा इन्व्हर्टर अन् दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या घेतल्या. तीसेक हजार गेले, पण साईट हलली नाही.

परभणी_जर्मनी: ह्यो 200 म्हणायलाय, तुम्ही तीस हजार सांगायलेत! अन् लाईट गेली की खांबावरचा नेटचा डबा पण बंद होतो, मग इन्व्हर्टर काय चाटायचा? क्लाउडफ्लेअरचं सीडीएन लाव, फुकट आहे. मी प्रो (पैशाचा प्लॅन) घेतलंय, बात अलग आहे.

बीडचा_बियाणेवाला: लावा, पण जपून. आमच्या वेबवाल्यानं नेमसर्व्हर (साईटचा पत्ता सांगणारा सर्व्हर) बदलताना एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठं पोचवायचा ती नोंद) आणलेच नाहीत. साईट पळायली, मेल बंद. वर बिल पूर्ण घेतलं.

नांदेड_वेबवाला: फुकटात फोटो, सीएसएस (पानाची सजावट) आपोआप कॅश होतात, म्हणजे त्यांची प्रत सीडीएनवर साठते; एचटीएमएल (मूळ पान) नाही. म्हणजे भावाचं पानच कॅश होणार नाही, त्याला कॅश रूल टाकावा लागतो. हेडरमध्ये (पानासोबत सर्व्हर पाठवतो त्या सूचना) मॅक्स-एज (प्रत किती वेळ ताजी धरायची) कमी ठेवा अन् स्टेल-इफ-एरर (सर्व्हर चुकला तर जुनी प्रत दाखव) द्या; पीसी बंद असला तरी शेवटची प्रत दिसेल. क्लाउडफ्लेअरचं ‘ऑलवेज ऑनलाइन’ चालू करू नका. ते इंटरनेट आर्काइव्हमधली (जुनी पानं जपून ठेवणारी साईट) जुनी प्रत दाखवतं. तुरीचा मागल्या महिन्याचा भाव बघून कुणी माल घेऊन आला तर मोंढ्यात तुम्हालाच धरतील. साईट बंद परवडली. पानावर तारीख-वेळ ठळक टाका.

परभणी_जर्मनी: तेच म्हणलो मी, क्लाउडफ्लेअर लाव.

उदगीरकर: 18 नोव्हेंबर 2025 ला क्लाउडफ्लेअरच बसलं होतं. बॉट ओळखायची एक फाईल फुगली अन् एक्स, चॅटजीपीटी सगळे आडवे. 2021 च्या जूनमध्ये फास्टली हे दुसरं सीडीएन बसलं होतं. कुणाच्याच भरवशावर राहू नका.

परभणी_जर्मनी: काही तासांत आलं की परत. तुमची लाईट येते का तेवढ्यात?

उदगीरकर: आमच्याकडं येते. परभणीचं तुम्ही बघा.

नांदेड_वेबवाला: भांडा निवांत. पोऱ्या, भाव म्हणजे एक साधा तक्ता. पीसीची गरजच नाही. साधं एचटीएमएल करून गिटहब पेजेसवर (साधी पानं फुकट ठेवायची सेवा) टाका, ते पुढं सीडीएनवरूनच जातं. खर्च शून्य. भाव मोबाईलवरून बदलता येतो. लॉगिन असतं तर गोष्ट वेगळी. ती कॅशवर चालत नाही.

जालना_हार्डवेअर: इन्व्हर्टरला पर्याय नाही.

मोंढ्यातला_पोऱ्या: सगळ्यांचे आभार. गिटहब वडिलांना जमणार नाही, भाव तेच टाकतात. पीसी घरी नेलाय, घरी इन्व्हर्टर आहे. पानावर तारीख टाकली. सीडीएनचं दिवाळीनंतर बघतो.

परभणी_जर्मनी: अन् घराजवळच्या खांबावरचा डबा?

बीडचा_बियाणेवाला: जालनाभाऊ, बॅटऱ्या कुठल्या कंपनीच्या? जुन्या देऊन किती कमी केले?