अमेरिकेत गावे लाल आणि शहरे निळी, हे कधीपासून आणि कशामुळे?

प्रश्न : वाटसरू

2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीचा काउंटीनिहाय नकाशा गेले काही दिवस मी पुन्हा पुन्हा पाहतो आहे. (काउंटी म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग; नकाशावर लाल रंग रिपब्लिकन पक्षाचा, निळा डेमोक्रॅटिक पक्षाचा.) देशात 3,100 हून अधिक काउंट्या आहेत. त्यांपैकी डेमोक्रॅटिक उमेदवार बायडेन यांनी जिंकलेल्या काउंट्या पाचशेच्या थोड्या वर भरतात, तरीही एकूण मतांत ते सत्तर लाखांनी पुढे होते. राजधानी वॉशिंग्टन शहरात त्यांना 90 टक्क्यांहून अधिक मते मिळाली, तर वेस्ट व्हर्जिनियातील सर्वच्या सर्व 55 काउंट्या रिपब्लिकन उमेदवार ट्रम्प यांच्याकडे गेल्या.

याचे नेहमी ऐकू येणारे स्पष्टीकरण असे की, गावातील माणूस परंपरा जपणारा असतो आणि शहरातील माणूस उदारमतवादी असतो. मला हे पटत नाही, कारण यातून स्थितीला नाव मिळते, कारण मिळत नाही. शिवाय अमेरिकी शेतकऱ्याला केंद्र सरकारकडून पीकविमा आणि अनुदान मिळते. मग सरकारचा पसारा कमी करू म्हणणाऱ्या रिपब्लिकन पक्षाला तो मत का देतो? ही विभागणी पूर्वापार आहे की अलीकडची, आणि तिचे मूळ शेतीत आहे की आणखी कशात, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

उत्तर : जुनी वही

आपल्या प्रश्नातील ‘कधीपासून’ हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचा उलगडा झाला की ‘कशामुळे’बद्दलची निम्मी उत्तरे आपोआप गळून पडतात.

गाव आणि शहर यांच्यातील ताण अमेरिकेत जुनाच आहे. 1896 मध्ये कर्जाखाली दबलेल्या पश्चिमेकडील आणि दक्षिणेकडील शेतकऱ्यांची बाजू घेऊन विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे राहिले, आणि ईशान्येकडील औद्योगिक शहरांच्या बळावर रिपब्लिकन मॅकिन्ली यांनी त्यांना हरवले. त्या लढतीत शेतकऱ्यांचा उमेदवार डेमोक्रॅटिक पक्षाचा होता, हे ध्यानात ठेवावे. 1920 च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या प्रथमच निम्म्यावर गेली, तेव्हा काँग्रेसने (म्हणजे अमेरिकी संसदेने) त्या आकड्यांनुसार प्रतिनिधिगृहाच्या जागांचे फेरवाटप करणेच टाळले आणि संपूर्ण दशक जुन्या वाटपावर काढले. गावाकडील सत्ता शहरांकडे जाऊ नये ही इच्छा त्यामागे उघड होती. 1928 मध्ये न्यूयॉर्कचे कॅथलिक आणि दारूबंदीविरोधी अल स्मिथ डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभे राहिले. मोठी शहरे त्यांच्याकडे वळली, परंतु टेक्सास आणि व्हर्जिनियासारखी पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅटिक असलेली राज्ये त्यांनी गमावली.

असे असूनही त्यानंतरची कित्येक दशके गावे आणि शहरे एकाच पक्षात सुखाने नांदली. 1935 च्या सुमारास दहांपैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या रूझवेल्ट सरकारने वीज सहकारी संस्थांना कर्जे दिली, आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दहांपैकी नऊ घरांत दिवा लागला. केंटकीतील एलियट काउंटी 1869 मध्ये स्थापन झाली. तेव्हापासून 2012 पर्यंत एकाही अध्यक्षीय निवडणुकीत तिने रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला नव्हता, आणि 2016 मध्ये तिथे ट्रम्प यांना सुमारे 70 टक्के मते पडली. वेस्ट व्हर्जिनियाने 1988 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे डुकाकिस यांना आणि 1992 व 1996 मध्ये त्याच पक्षाचे क्लिंटन यांना निवडले होते. 1992 मध्ये क्लिंटन यांनी देशभरात सुमारे दीड हजार काउंट्या जिंकल्या होत्या, म्हणजे बायडेन यांच्या जवळजवळ तिप्पट. गावातील माणसाचा मूळ स्वभावच तसा असता, तर एका पिढीत एवढी उलथापालथ झाली नसती.

मग बदलले काय? माझ्या मते, मतपेटीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मनात जो पहिला प्रश्न असायचा, तो बदलला. 1964 चा नागरी हक्क कायदा आणि 1965 चा मताधिकार कायदा यांनंतर दक्षिणेकडील श्वेतवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षापासून दुरावू लागले. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि पुढील काही वर्षांत चर्चला जाणारा इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट) मतदार रिपब्लिकन पक्षामागे एकवटला. 1994 मध्ये अमलात आलेल्या नाफ्टा या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराच्या अंमलबजावणीच्या कायद्यावर क्लिंटन यांची सही असल्यामुळे, ज्या छोट्या गावांत एखादाच कारखाना होता, तिथे ‘कामगारांचा पक्ष’ या शब्दांतला जीव गेला.

वेस्ट व्हर्जिनियात तर डेमोक्रॅटिक पक्षाचे घरच मोडले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सव्वा लाख कोळसा कामगार होते. आज ते पंधरा हजारांच्या आत आहेत, आणि त्यांतील बरीच घट हवामानविषयक धोरणांच्या फार आधी यंत्रांमुळे झाली. खाण कामगारांची संघटना पगाराची बोलणी करीत असे, निवृत्तांच्या औषधपाण्याची सोय पाहत असे आणि निवडणुकीच्या वेळी ‘आपला माणूस’ कोण हेही सांगत असे. ती संघटना ओसरली आणि सांगणारी दुसरी ठिकाणे उरली, ती म्हणजे चर्च, 1988 पासून देशभर प्रक्षेपित होणारे उजव्या विचारांचे रेडिओ कार्यक्रम आणि पुढे दूरचित्रवाणी. बंद पडलेल्या स्थानिक वृत्तपत्राची जागाही त्यांनीच घेतली. एखाद्या गावाचे राजकारण अशा रीतीने राष्ट्रीय होते, तेव्हा स्थानिक आमदार कसा आहे याला अर्थ उरत नाही. तो कोणत्या रंगाचा आहे एवढेच पाहिले जाते.

उत्तर : तारामार्ग

‘जुनी वही’ यांनी वीज सहकारी संस्थांचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी वीजवितरणाच्या क्षेत्रात काम करतो आणि आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात अशाच एका संस्थेच्या कामासाठी तीन वर्षे माझे येणे-जाणे होते. तिथली हॉवर्ड काउंटी साडेनऊ हजार वस्तीची आहे. हरितक्रांतीचे नॉर्मन बोरलॉग यांचे बालपण तिथलेच. 2012 मध्ये ओबामा यांना वीस टक्क्यांहून अधिक फरकाने आणि 2016 मध्ये ट्रम्प यांनाही तितक्याच फरकाने निवडणारी संपूर्ण देशात ही एकमेव काउंटी आहे.

संस्थेच्या एका निवृत्त लाइनमनच्या घरी मी अनेकदा जेवलो आहे. घरापासून डांबरी रस्ता पाव मैलावर. पाणी स्वतःच्या विहिरीचे, सांडपाणी स्वतःच्या सेप्टिक टाकीत, कचरा स्वतःच्या गाडीने वाहून न्यायचा. रात्री काही घडलेच तर शेरीफची गाडी येईपर्यंत अर्धा तास जाणार, म्हणून जिन्याखालच्या कपाटात बंदूक. तिचा खरा उपयोग मात्र कोंबड्यांवर येणाऱ्या कायोटीसाठीच (कोल्ह्यासारख्या प्राण्यासाठीच) झालेला. शिकागोत राहणाऱ्या माणसाचे नळ, भुयारी रेल्वे, रस्त्यावरचे दिवे आणि पोलीस हे सारे दिवसभर दिसणारे सरकार असते. या गृहस्थांच्या आयुष्यात सरकार प्रामुख्याने कागदाच्या रूपाने येत असे. 2015 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने केंद्रीय कायद्याच्या कक्षेत कोणते जलप्रवाह येतात याची नवी व्याख्या केली, तेव्हा शेताच्या कडेचा पावसाळी चर त्यात येतो की नाही याची चर्चा त्या जेवणाच्या टेबलावर मी तासभर ऐकली आहे. वॉशिंग्टनमधील अधिकाऱ्यांचा हेतू नदीचे पाणी स्वच्छ ठेवण्याचा होता. इथे मात्र ‘माझ्या चराबद्दल मला न विचारता कोणीतरी ठरवले’ एवढेच पोचले.

त्यांनी ओबामा यांना दोन्ही वेळा मत दिले होते, नंतर ट्रम्प यांना दिले. मी कारण विचारले तेव्हा त्यांनी कोणत्याही उमेदवाराविषयी काही न बोलता मुलीच्या शाळेचा फोटो काढून दाखवला. वर्गात सव्वीस मुले होती आणि गावात राहिलेली पाच. मुलगी मिनियापोलिसला परिचारिका आहे आणि डेमोक्रॅटिक पक्षाला मत देते. वडील-मुलीत भांडण नाही, पण तिचे मत आता दुसऱ्या राज्यात मोजले जाते. शिकलेली मुले नोकरीसाठी निघून जातात आणि जाताना गावाच्या मतांची सरासरीही बदलून जातात, हे मी तोपर्यंत आकडेवारीत वाचले होते. त्या फोटोत ते मला बोटाने मोजता आले. 2010 ते 2020 या दशकात अमेरिकेच्या महानगरबाह्य भागाची एकूण लोकसंख्या प्रत्यक्षात घटली, असे आधी कोणत्याही दशकात घडले नव्हते.

उत्तर : मीमांसा

वरील दोन्ही उत्तरे मला आवडली, तरी एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. ‘ग्रामीण अमेरिका’ म्हणताच आपण सारे श्वेतवर्णीय ग्रामीण अमेरिका डोळ्यांपुढे आणतो, आणि या चुकीमुळे कारणांची मांडणीच एकांगी होते. अलाबामा आणि मिसिसिपीतील ज्या पट्ट्यात एकेकाळी गुलामांच्या श्रमावर कापूस पिकत असे, तिथली कृष्णवर्णीय बहुसंख्य गावे गरीब आहेत, धार्मिक आहेत, विरळ वस्तीची आहेत, त्यांच्याही शाळा आणि दवाखाने बंद पडले आहेत. आणि ती डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. साउथ डकोटातील ओग्लाला लकोटा काउंटी मूलनिवासींच्या राखीव प्रदेशात येते आणि 2020 मध्ये तिथे बायडेन यांना 80 टक्क्यांहून अधिक मते पडली. व्हर्मांट तर लोकसंख्येच्या प्रमाणात देशातील सर्वाधिक ग्रामीण राज्य आहे. 1856 पासून 1960 पर्यंत त्याने प्रत्येक वेळी रिपब्लिकन उमेदवार निवडला, आणि 1992 पासून प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक.

तेव्हा विरळ वस्ती हे एकटे कारण पुरत नाही. वंश, धर्म आणि पदवी या तीन गोष्टी तिच्याबरोबर जिथे एका दिशेने ओढतात, तिथे गाव गडद लाल होते. अर्थात हे समीकरणही स्थिर नाही. टेक्सासमधील रिओ ग्रांदेकाठच्या स्टार काउंटीने, जिथे जवळजवळ सर्व लोक हिस्पॅनिक आहेत, 2024 मध्ये 1892 नंतर प्रथमच रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला.

वाटसरू

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एलियट काउंटीचे उदाहरण मला ठाऊक नव्हते आणि त्याने माझा मूळ समज बदलला. अनुदानाबद्दलचा माझा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.

जुनी वही

तो माझ्याकडून राहिला. पहिली गोष्ट अशी की, ग्रामीण अमेरिकेत शेतकरी थोडे आहेत. 1935 मध्ये 68 लाख शेते होती, ती आता 20 लाखांच्या आत आली आहेत, आणि गावातील बहुसंख्य लोक शाळा, दवाखाने, दुकाने, तुरुंग, गोदामे आणि कारखाने यांत काम करतात. अनुदानाचा मोठा वाटा मोठ्या शेतांना जातो. तो पैसा पाहून शेजारी कृतज्ञ होत नाही, कारण त्याला तो मिळतच नाही. दुसरी गोष्ट, ज्याला मिळतो तोही त्याला सरकारची मदत मानत नाही. पिकाच्या जोखमीचा तो रास्त मोबदला आहे असे त्याला वाटते. 2018 मध्ये आयात करांच्या लढाईत चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के कर लावला, भाव पडले, आणि सरकारने अब्जावधी डॉलरची भरपाई दिली. तरीही सोयाबीन पिकवणाऱ्या बहुतेक काउंट्या 2020 मध्ये ट्रम्प यांच्यामागेच राहिल्या. आपल्या बाजूने कोणीतरी भांडतो आहे ही भावना त्या वर्षीच्या तोट्यापेक्षा जड ठरली.

याला राज्यघटनेची जोडही आहे. सहा लाखांच्या आतील वस्तीच्या वायोमिंग राज्याला सिनेटमध्ये (संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) दोन जागा आणि 3 कोटी 90 लाखांच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. शहरांत 80-90 टक्क्यांनी जिंकणाऱ्या पक्षाची पुष्कळ मते एका मतदारसंघात दाटून वाया जातात, तर ग्रामीण मते विस्तीर्ण प्रदेशावर पसरून अधिक जागा देतात. त्यामुळे एका पक्षाला शहरांची आणि दुसऱ्याला गावांची मनधरणी करण्याची गरजच हळूहळू कमी झाली, आणि मला सर्वाधिक चिंता याची वाटते. 2005 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष हॉवर्ड डीन यांनी पन्नासही राज्यांत पगारी कार्यकर्ते ठेवण्याचे ठरवले होते. ते पद सोडून गेल्यावर तो प्रयत्न मागे पडला. आज अनेक ग्रामीण काउंट्यांत स्थानिक पदांसाठी त्या पक्षाचा उमेदवारच नसतो.

तारामार्ग

या शेवटच्या मुद्द्याला मला दुजोरा द्यावासा वाटतो. 2008 च्या जानेवारीत आयोवात होणाऱ्या, पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या पहिल्या फेरीआधी ओबामा यांची एक तरुण स्वयंसेविका बर्फातून त्या लाइनमनच्या दारी आली होती, कॉफी घेऊन दोन तास बसली होती आणि तिने शेतीच्या कर्जाविषयी प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहून घेतली होती. 2016 च्या त्या संपूर्ण उन्हाळ्यात आणि शरदात त्यांच्या दारावर त्या पक्षातर्फे कोणीही आले नाही, आणि हे त्यांनी मला न विचारता सांगितले होते.