बाराखडी तोंडपाठ, पण 'पाटी' वाचता येत नाही: वाचनाचं संशोधन दुसरीच्या वर्गात कसं उतरवायचं?

सत्तरी_प्राथमिक (प्रश्न)

गोव्यातली मराठी माध्यमाची सरकारी प्राथमिक शाळा. पहिली-दुसरी एकाच खोलीत, एकच शिक्षिका, पट १४. बहुतेक मुलांच्या घरी कोंकणी, दोघांच्या घरी कन्नड.

दुसरीतल्या ९ पैकी ६ मुलं क ते ज्ञ धडाधड म्हणतात, बाराखडीही सुरात म्हणतात. फळ्यावर 'पाटी' लिहिलं की 'प ला काना पा, ट ला दुसरी वेलांटी टी' इथपर्यंत सगळं बरोबर, आणि पुढे गप्प. शेजारी चित्र असेल तर बघून 'स्लेट' म्हणून मोकळी.

प्रशिक्षणात वाचनाचे पाच घटक सांगतात, वाचनाची कौशल्यं दोरीच्या पिळांसारखी गुंफलेली दाखवतात, पण उदाहरणं सगळी इंग्रजी: कॅट, बॅट, मॅट. म्हणून तीन प्रश्न. यातलं देवनागरीला नेमकं काय लागू पडतं? बाराखडी बंद करायची का? आणि पुस्तकात 'आंबा' असताना मूल 'आंबो' वाचतं, ती चूक धरायची की नाही? भाषेसाठी दिवसाला ४० मिनिटं मिळतात, त्यात बसेल असं सांगा.

अक्षरजोड

ते पाच घटक अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या २००० सालच्या अहवालातले: ध्वनींची जाण, अक्षर आणि ध्वनीची सांगड, ओघ, शब्दसंपत्ती, आकलन. त्यांनी तपासले इंग्रजी वाचनाचे प्रयोग. इंग्रजीत एका अक्षराचे चार-चार उच्चार, त्यामुळे तिथला बराच जोर तो गुंता सोडवण्यावर असतो. आपल्याकडे तो गुंता नगण्य. चमचा-चंद्र, जहाज-जीव असे च, ज, झ चे दुहेरी उच्चार सोडले तर बहुतेक लिहिलंय तसंच वाचायचं.

आपली अडचण चिन्हांच्या संख्येची. ३६ अक्षरं गुणिले १२ म्हणजे ४३२ रूपं, जोडाक्षरं वेगळीच. वाचनाच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेलं काम (२००७) इथे जास्त उपयोगी, कारण त्या लिपीची घडण आपल्यासारखीच आहे. त्यातून दिसतं की ही चिन्हं पक्की व्हायला पहिली पुरत नाही, पुढची इयत्ता-दोन इयत्ता जातात. शब्दाचे 'का-न' असे तुकडे मुलांना लवकर ऐकू येतात, पण 'का' म्हणजे क् आणि आ, ही फोड फार हळू उमगते. म्हणून पहिलीतच बाराखडी 'संपवण्याची' घाई म्हणजे पुढच्या वर्षाची उधारी.

आता तुमची मुलं कुठे अडतात ते बघा. 'प ला काना पा' हे लिहिण्याचं वर्णन आहे. ते वाचन नव्हे. 'पाटी' वाचताना मुलाच्या तोंडून प, काना, पा, ट, दुसरी, वेलांटी, टी असे सात तुकडे निघतात आणि त्यातले कामाचे दोनच. सातव्यावर पोचेपर्यंत पहिला 'पा' हातातून निसटलेला असतो, मग जोडायचं काय? ही घोकणी आधी थांबवा. 'पा' दिसलं की थेट 'पा'.

बाराखडी गाणं म्हणून राहू द्या, वाचनासाठी मात्र ती आडवी करा. नेहमी एक व्यंजन घेऊन त्याला बारा स्वर लावतो. त्याऐवजी एक स्वरचिन्ह घ्या आणि येत असलेल्या सगळ्या व्यंजनांना लावा: का, मा, ना, रा. बदलतं ते व्यंजन, टिकतं ते चिन्ह, त्यामुळे काना म्हणजे काय ते डोळ्यात बसतं. खात्री करायची तर मधलंच 'कू' दाखवा. जे मूल 'क, का, कि, की' म्हणत तिथवर चालत येतं, त्याला कू वाचता येत नाही, मोजता येतं.

अक्षरांचा क्रम वर्णमालेचा नको, शब्द बनतील असा हवा. पहिला गट म, न, र, क आणि ा. एवढ्यात नाक, कान, मान, काम, रान, मका, काका, मामा, कमान होतात. दुसऱ्या गटात त, प, ट, ल आणि ी: पाटी, माती, तीन, पीक, ताट, रात, पाल. मग वाक्यही जमतं: 'रमा, ताक पी. मीरा, पालक काप.' ऱ्हस्व ि मागाहून. ती लिहायची व्यंजनाच्या आधी आणि बोलायची नंतर. शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटी बहुतेक दीर्घच येते, त्यामुळे दोन अक्षरी शब्दांत ी चा उपयोग कितीतरी जास्त.

साधन स्वस्तातलं: जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ७ सेंटिमीटरचे चौकोन कापून व्यंजनं लिहा. स्वरचिन्हं फाइलच्या पारदर्शक प्लास्टिकवर मार्करने काढा, म्हणजे तीच ी कुठल्याही कार्डावर ठेवता येते. सगळ्या कार्डांवर शिरोरेषा वरून बरोबर २ सेंटिमीटरवर हवी. ती वरखाली झाली की प्लास्टिकवरची वेलांटी हवेत लोंबकळते आणि मुलाला दोन वेगळ्या आकृत्या दिसतात.

एक खाचखळगा राहिला. 'क, म, ळ' सुटे म्हणताना प्रत्येकात पूर्ण 'अ' असतो, शब्दात मात्र शेवटच्या ळ चा अ गळतो. मूल 'कमळऽ' म्हणून थबकतं, कारण असा शब्द त्याने कधी ऐकलेलाच नाही. 'शेवटचं तोडून म्हण' एवढं स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याला ते आपोआप जमतं, म्हणून शिकवायचं सुचत नाही.

माडाखाली

वरचं सगळं मान्य. मी फक्त कोंकणीबद्दल लिहितो, कारण गोव्यात अर्धं घोडं तिथेच अडतं.

भिंतीवरचा तक्ता बघा. फ फणसाचा. मूल चित्र बघून म्हणणार 'पणस'. म्हणजे तक्ता फ शिकवतोय आणि कान प ऐकतोय. ड साठी डोळा काढला तर घरचा शब्द 'दोळो'. घ साठी वाघ, तर घरी 'वाग'. आ साठी आई, तिथे 'आवय', हे तेवढं चालतं. चित्र निवडताना कसोटी एकच: मुलाच्या घरच्या शब्दात तोच ध्वनी येतो का? नाक, कान, हात, पाय, दार, माड, पान, गाय, वाट, ताट हे दोन्हीकडे सारखे, सुरुवात यांच्यावर करा. अक्षरजोड यांचा पहिला गट त्यात सहज बसतो.

'आंबा'चं 'आंबो' ही वाचनाची चूक असेलच असं नाही. बऱ्याचदा मुलाने शब्द ओळखलेला असतो आणि आपल्या भाषेत सांगितलेला असतो. उलट 'आंबा' ऐवजी 'फळ' म्हणालं तर ते चित्रावरून. निवाडा करायला अर्थ नसलेले शब्द द्या: नापी, लाकी, टामा. 'टामा' ला 'टामो' म्हटलं तर काना पक्का नाही. 'टामा' नीट वाचलं तर आंबो हा भाषेचा फरक, तिथे लाल पेन उचलू नका. 'बरोबर, आमी आंबो म्हणटात, पुस्तकात आंबा लिहिलंय, शेवटचं अक्षर बघून परत वाच' एवढं पुरे. मात्र असा शब्द करताना 'मूट' वगैरे नको, मूल त्याची लगेच 'मूठ' करतं.

फसवे शब्द वेगळे हेरून ठेवा. 'आईने भात वाढला' हे मूल अडखळल्याशिवाय वाचेल, पण त्याच्या घरी भात म्हणजे साळीचं धान्य. ताटात असतं ते शीत. म्हणजे आईने धान्य वाढलं! पाणी-उदक, कैरी-तोर, खिडकी-जनेल हे निदान अनोळखी म्हणून विचारले तरी जातात. भातासारखा शब्द गुपचूप घोटाळा करतो.

कन्नड बोलणाऱ्या दोघांसाठी लिपी वेगळी शिकवायची गरज नाही, व्यंजनाला स्वरचिन्ह लावण्याची रीत तीच. त्यांना तोंडी मराठी जास्त लागेल.

गोष्ट_आधी

माफ करा, पण चर्चा पुन्हा अक्षरांपाशी येऊन थांबली. महाराष्ट्रातलं वाडा (मराठी) आणि कर्नाटकातलं यादगीर (कन्नड) इथे मुलांचा तीन वर्षं मागोवा घेणारा अभ्यास झाला, अहवाल २०१७ चा. वर्गातला वेळ वर्णमाला, बाराखडी आणि फळ्यावरून उतरवून घेण्यात जातो, अर्थाला जागाच उरत नाही, हेच त्यात दिसलं. आता तेच काम प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करणार का? पुस्तकं कपाटातच राहतात. चित्र बघून अंदाज करणं हीसुद्धा अर्थ शोधण्याचीच धडपड आहे.

अक्षरजोड

कपाटाबद्दल शंभर टक्के सहमत. अंदाजाबद्दल नाही. चित्र बघून 'स्लेट' म्हणणाऱ्या मुलाने 'पाटी'वर नजर टाकलेलीच नसते, त्यामुळे तो शब्द उद्याही तितकाच अनोळखी. चित्र अर्थाच्या गप्पांसाठी, शब्द अक्षरांवरूनच. साधा उपाय: आधी मजकूर वाचायचा, चित्रावर कागद झाकलेला, मग कागद काढून 'जुळलं का?' विचारायचं.

वाचनाचे अभ्यासक गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र गुणाकाराचं आहे: वाचून समजणं म्हणजे शब्द उलगडणं गुणिले भाषा समजणं. एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. तुमचा आणि माझा वाद त्या दोन बाजूंमधलाच, म्हणून रोज दोन्ही हव्यात.

सत्तरी_प्राथमिक

भाताचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आता अडचण वेळेची. ४० मिनिटं, दोन इयत्ता, एक बाई. आणि मूल कुठे अडलंय ते झटकन कसं कळेल?

पाटीपेन्सिल

आधी तपासणी. एका मुलाला तीन-चार मिनिटं, दिवसाला तीन मुलं, आठवड्यात वर्ग होतो. एका कागदावर १० सुटी अक्षरं (क्रम मोडून, निम्म्यांना स्वरचिन्ह लावलेलं), १० ओळखीचे शब्द, ५ निरर्थक शब्द. बरोबर-चूक एवढंच लिहू नका, मूल जे बोललं ते जसंच्या तसं टिपा. खरी माहिती त्यातच असते.

'पा... टी...' म्हणून थांबलं तर जोडण्याचा सराव हवा, नवी अक्षरं देऊ नका. 'पाटी'चं 'पाटा' झालं तर स्वरचिन्ह कच्चं. 'पाटी'चं 'पाल' झालं तर पहिलं अक्षर बघून बाकी अंदाज. अशा मुलाला पाटी, पाट, पाल, पान असे एकाच अक्षराचे शब्द एकाखाली एक द्या, शेवटपर्यंत बघितल्याशिवाय सुटकाच नाही. ग-घ, द-ध यांची अदलाबदल झाली तर आधी ते मूल बोलताना कसं म्हणतं ते ऐका.

आता वेळ. पहिली १० मिनिटं दोन्ही इयत्ता एकत्र, मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणं. आशय आधी दोन वाक्यांत कोंकणीत सांगा, मग मराठीत सलग वाचा. ओळीओळीला भाषांतर करू नका, मुलं कोंकणी ओळीची वाट बघत बसतात आणि मराठी कानाआड जातं. उत्तरं कोंकणीत आली तरी चालतील. तीनच शब्द निवडून त्यावर बोला, दहा नको.

पुढची १२ मिनिटं बाई पहिलीबरोबर, तेव्हा दुसरी जोडीने कालचाच मजकूर वाचते. एक वाचतो, दुसरा बोट ठेवतो, मग अदलाबदल. मग १२ मिनिटं बाई दुसरीबरोबर आणि पहिली कार्डांवर शब्द लावून वहीत उतरवते. जोडणं शिकवताना चिंचोके घ्या. 'माती' साठी दोन, पाटीवर एकमेकांपासून वीतभर लांब. 'मा' म्हणत पहिल्यावर बोट, 'ती' म्हणत दुसऱ्यावर. मग चिंचोके दर वेळी जवळ सरकवायचे आणि आवाजातलं अंतरही तेवढंच कमी करायचं. दोन्ही टेकले की एका दमात 'माती'. मुलाच्या हाताने करून घ्या. बाईंनी सरकवले की मूल बाईंच्या तोंडाकडे बघतं.

उरलेली सहा मिनिटं श्रुतलेखन, पाच शब्द, त्यातले तीन आजचे, दोन गेल्या आठवड्याचे. वाचताना झाकला गेलेला ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ इथे उघडा पडतो.

गती: पहिल्या दोन गटांना चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीपर्यंत वेळ द्या. दर आठवड्याला दोन-तीन चिन्हं पुष्कळ झाली. १० पैकी ८ शब्द न अडखळता आले की पुढचा गट, नाहीतर त्याच अक्षरांचे नवे शब्द. सुट्टीनंतरचे पहिले तीन-चार दिवस नवं काही घेऊ नका, विसरलेलं परत वर काढायलाच ते लागतात.

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द म्हटलंय. ते घड्याळ इतक्यात काढू नका. मराठी शब्दाला प्रत्यय चिकटतात, 'शाळेजवळच्या' हाही एकच शब्द मोजला जातो. घड्याळ लावलं की मुलं प्रत्यय गिळून पळतात. सध्या ४० शब्दांचा एक मजकूर तीनदा वाचून घ्या आणि तिसऱ्यांदा किती ठिकाणी थांबलं एवढंच मोजा.

सत्तरी_प्राथमिक

सोमवारपासून तपासणी सुरू करते. फणसाचा तक्ता काढला, फ ला आता काय लावायचं?

माडाखाली

फळा. फूलही चालेल. पण मुलांना तोंडाने म्हणायला लावून बघा. ओठ मिटून 'प' निघत असेल तर आधी तळहात तोंडासमोर धरून फ चा वारा जाणवू द्या, मग कार्ड.