उतारावर उडवायला पहिलं ग्लायडर कोणतं घ्यावं?

नवशिका_पायलट: मंडळी, मोटरवालं ट्रेनर विमान बऱ्यापैकी जमतं. आता बिनमोटरचं, टेकडीच्या वाऱ्यावर तरंगणारं छोटं आरसी (रेडिओ रिमोटवर चालणारं) ग्लायडर हवंय. बाल्साचं (हलक्या लाकडाचं) एक देखणं मॉडेल डोळ्यात भरलंय. घेऊ का? आणि वारा किती लागतो?

घारोबा: बाल्सा सध्या लांबूनच बघा. उतारावर धावपट्टी नसते, विमान उतरतं ते दगडांत नाहीतर झुडपात. ईपीपी या लवचीक फोमचं, पंखाची लांबी साधारण १.२ मीटर असलेलं फ्लाइंग विंग, म्हणजे शेपटीविना नुसत्या पंखाचं विमान घ्या. आपटलं की दबतं आणि पुन्हा आकारात येतं. दोन सर्व्होंत (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) काम भागतं, पण रेडिओत एलेव्हॉन मिक्सिंग हवं, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या दोन हलत्या पट्ट्यांनीच (एलेव्हॉन) वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही करण्याची सोय; ते आधी तपासा.
वारा ताशी १५ ते ३० किमी, आणि उतारावर शक्यतो सरळ समोरून येणारा. फार तिरका असेल तर वेग असूनही लिफ्ट (वर उचलणारा वारा) मिळत नाही.

मंदवारा: थोडा असहमत. वारा पडला की ही विंग दरीत जाऊन बसते, आणि मग पायपीट! तुमच्याकडे वारा मंदच असेल तर रडर-एलेव्हेटरचं, शेपटीवालं हलकं ग्लायडर बरं. तेही फोमचंच, हे मान्य.

नवशिका_पायलट: वारा जोरकस असतो, म्हणजे विंगच. उडवताना काय सांभाळू?

घारोबा: सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य (तोल). विंगला शेपूट नसल्याने चार-पाच मिलिमीटरचा फरकही जाणवतो. पहिल्या दिवशी नाक किंचित जडच ठेवा. शेपटाकडे जड विंग हातातून सुटताच कोलांटी मारते. फेकण्याआधी स्टिक मागे ओढून दोन्ही एलेव्हॉन वर जातात का बघा, उजवीकडे नेल्यावर फक्त उजवा वर. मग वाऱ्याच्या तोंडावर, नाक जरा खाली ठेवून जोरात फेका. हळू फेकणं जास्त धोक्याचं.
वळण प्रत्येक वेळी टेकडीपासून बाहेर, वाऱ्याकडे. टेकडीकडे वळलात तर वारा पाठीशी येतो आणि विमान उतारावर आदळतं.

मंदवारा: +१. कड्याच्या मागे अजिबात नेऊ नका, तिथे रोटर असतो, म्हणजे उलटा घुसळणारा वारा. माथ्यावर उतरवायच्या नादात बरेच जण तिथेच सापडतात. सुरुवातीला कड्याच्या पुढे, उताराच्या चढणीवरच उतरवा.
आणि त्याच उतारावर पॅराग्लायडर असतील तर ते जाईपर्यंत विंग पिशवीतच.