चिनी साहित्य मराठी वर्गात आणताना: थेट अनुवाद करावा, की इंग्रजीवरून?

सह्यवाटा (प्रश्न):
नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आठवी-नववीच्या मुलांसाठी पूरक वाचनाचा संग्रह तयार करण्याचे आमच्या शिक्षकगटाने ठरवले असून त्यात चीनविषयी स्वतंत्र विभाग असावा, अशी माझी इच्छा आहे. आमच्या मुलांना चीन माहीत असतो तो युआन श्वांग, डॉ. कोटणीस आणि सीमावाद एवढ्यापुरताच. तिथली मुले शाळेत काय वाचतात, कोणत्या गोष्टी ऐकत मोठी होतात, याचा त्यांना गंधही नसतो. मला चिनी भाषा येत नाही. अशा वेळी इंग्रजी अनुवादांवरून मराठी करावे, की थेट चिनीतून करणारी व्यक्ती मिळेपर्यंत थांबावे? शिवाय सण, नातेसंबंध, देवदेवता यांचे संदर्भ मराठी वळणाने बदलून द्यावेत, की आहेत तसे ठेवून समजावून सांगावेत? गटातील काहींचे म्हणणे असे, की टिपा दिसल्या की मुले पान उलटतात.

शब्दसेतू:
थांबू नका, पण हे काम एकट्याने करूही नका. अनुवाद म्हणजे एका माणसाने खोलीत बसून करायचे काम, ही कल्पना आपण फार सहज मानतो; ज्या देशाचे साहित्य आपण आणू पाहता, त्या चीनमधली अनुवादाची सर्वांत मोठी परंपरा, म्हणजे बौद्ध ग्रंथांच्या अनुवादाची, मात्र सामूहिक होती आणि ती अध्यापनापासून वेगळी काढताच येत नाही. बौद्ध भिक्षू आणि अनुवादक कुमारजीव इ.स. 401 च्या अखेरीस छांग-आन या राजधानीत पोहोचला, त्यानंतर तिथे भरणाऱ्या अनुवादसभांना शेकडो भिक्षू उपस्थित असत. प्रज्ञापारमिता सूत्राच्या अनुवादाचे वर्णन त्याच्या शिष्याने प्रस्तावनेत करून ठेवले आहे: कुमारजीव मूळ पोथी हातात धरून चिनीतून अर्थ सांगे, राजा याओ शिंग स्वतः जुना अनुवाद समोर ठेवून ताडून पाही, शंका विचारल्या जात आणि चर्चेतून ठरलेले वाक्य लेखनिक उतरवून घेत. म्हणजे अनुवाद तयार होत असतानाच तो शिकवलाही जात होता, आणि वाचकाला कुठे अडते हे अनुवादकाला त्याच बैठकीत कळत होते.

पुढे थांग राजवटीत या सभांचे रूपांतर नेमक्या कामांच्या वाटणीत झाले. मुख्य अनुवादक, लेखनिक, अर्थ तपासणारा, संस्कृत पाठ ताडणारा आणि भाषा घडवणारा, अशा भूमिका ठरल्या. युआन श्वांग 645 मध्ये परतल्यावर 664 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या देखरेखीखाली 75 ग्रंथ, म्हणजे 1,335 खंडिका, चिनीत आल्या, त्या याच रचनेमुळे. आपल्या गटातही चिनी जाणणारी एक व्यक्ती, मराठी लिहिणाऱ्या आपण आणि मसुदा ऐकून प्रश्न विचारणारी आठवीची मुले एवढे एकत्र आले, तरी पुष्कळ आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठीही युआन श्वांगचेच उदाहरण देतो, कारण ते आपल्या अडचणीशी फार जवळचे आहे. 647 मध्ये सम्राटाच्या आज्ञेवरून लाओत्झू या प्राचीन ताओवादी तत्त्वज्ञाचा ग्रंथ संस्कृतात नेण्याचे काम त्याच्याकडे आले. सोबतचे ताओवादी विद्वान बौद्ध ग्रंथांतल्या संकल्पना वापरून अर्थ लावू लागले, तेव्हा त्याने ठाम विरोध केला: दोन विचारपरंपरा वेगळ्या आहेत, आणि एकीच्या भाषेत दुसरी बसवली की वाचकाला दुसरी कधी दिसतच नाही. तो संस्कृत अनुवाद आज उपलब्ध नाही याची मला नेहमी खंत वाटते, कारण चिनी विचार भारतीय भाषेत आणण्याचा इतका जुना आणि इतक्या जाणत्या माणसाने केलेला दुसरा प्रयत्न मला माहीत नाही.

प्राचीवाट:
मी पुण्यात चिनी भाषा शिकवते. निवडीपासून सुरुवात करावी, असे सुचवते. आधुनिक चिनी लेखक लू शुन यांची 1921 ची ‘गावाकडचे घर’ या अर्थाच्या शीर्षकाची कथा चीनमधल्या शाळकरी मुलांना परिचित आहे आणि ताकेउची योशिमी यांच्या अनुवादातून ती जपानमधल्या माध्यमिक शाळांच्या पाठ्यपुस्तकांतही अनेक दशके आहे. एका देशाची कथा दुसऱ्या देशातील मुलांची ‘आपल्या पुस्तकातली कथा’ कशी होते, याचे मला माहीत असलेले हे सर्वांत ठळक उदाहरण आहे. कथेतला निवेदक अनेक वर्षांनी गावी परततो, लहानपणीचा सवंगडी रुन्थू भेटायला येतो, आणि नावाने हाक मारण्याऐवजी त्याला ‘मालक’ म्हणतो. साताऱ्याच्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगण्यासाठी टीप लागणार नाही. त्याउलट, पूर्वजांची पूजा कोणी मांडायची याची पाळी त्या वर्षी निवेदकाच्या घराकडे असते, म्हणूनच रुन्थू आणि तो लहानपणी भेटतात. हा संदर्भ मात्र एक-दोन वाक्यांत सांगावा लागेल.

सणांच्या बाबतीत साम्य हे दार समजावे, घर नव्हे. चिनी मध्यशरद सण आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला येतो. आपल्या पंचांगाप्रमाणे तो बहुतेक वर्षी भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास असतो; 2025 मध्ये मात्र चिनी पंचांगात अधिक महिना आल्यामुळे तो आणि कोजागिरी एकाच दिवशी, 6 ऑक्टोबरला आले. दोन्ही पंचांगांत अधिक महिना असतो, पण तो एकाच वर्षी येईल असे नाही, हे गणित मुलांना नक्की आवडेल. चंद्रावर ससा दोन्हीकडे दिसतो. चिनी ससा तिथे खलात औषधी कुटत बसलेला असतो. तरीही त्या सणाला ‘चिनी कोजागिरी’ म्हणू नये, कारण तिथे त्या रात्रीचा गाभा लक्ष्मीची वाट पाहणे नसून दूर गेलेल्या कुटुंबीयांनी एकत्र येणे हा आहे. छिंगमिंग या सणाच्या बाबतीत तर अधिकच जपावे. पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई होते म्हणून त्याला पितृपक्ष म्हटले, तर त्याच दिवसांत लोक वसंतातल्या सहलीला जातात आणि पतंग उडवतात, हे मुलांना अगम्य होईल.

नावांच्या लेखनाविषयीही थोडे सांगते. चिनी नावे इंग्रजी वर्तमानपत्र वाचल्यासारखी लिहू नयेत. रोमन लेखनात जिथे बी, डी, जी येतात तिथे चिनी उच्चार आपल्या प, त, क यांच्याजवळचा असतो, आणि पी, टी, के येतात तिथे फ, थ, ख यांच्याजवळचा. हा अल्पप्राण-महाप्राण भेद इंग्रजी भाषकांना कष्टाने शिकावा लागतो. आपल्या मुलांना तो बाराखडीतच मिळालेला असतो. झेडचा उच्चार ‘चमचा’तल्या च सारखा आहे. बीजिंगसारखी रुळलेली नावे अर्थातच तशीच ठेवावीत.

तळटीप:
वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, तरी इंग्रजीवरून अनुवाद करण्याविषयी थोडे वेगळे मत नोंदवतो. आर्थर वेली यांनी ‘पश्चिमेची यात्रा’ ही माकडराजाची शंभर अध्यायांची चिनी कादंबरी 1942 मध्ये इंग्रजीत आणली ती सुमारे तीस अध्यायांपुरती. त्यातल्या कविता बहुतांशी गाळल्या. तरीही त्या संक्षेपामुळे ही कथा असंख्य वाचकांपर्यंत पोहोचली, आणि 1977 ते 1983 या काळात अँथनी यू यांनी चार खंडांत पूर्ण अनुवाद दिला, तेव्हा त्याला तयार वाचक होता. त्यामुळे इंग्रजीच्या पुलावरून आलेले पुस्तक मी कमी मानत नाही. मात्र ते कोणत्या अनुवादावरून केले आणि काय गाळले, हे पुस्तकात स्पष्ट लिहावे. शक्य असेल तिथे दोन इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवावेत. ‘लाल महालाचे स्वप्न’ या चिनी महाकादंबरीचे हॉक्स-मिनफर्ड आणि यांग दांपत्य यांचे अनुवाद असे वाचले, तर जिथे ते एकमेकांपासून दूर जातात तिथेच मूळ चिनी जाणणाऱ्याला विचारायचे प्रश्न सापडतात. शब्दसेतू यांनी सांगितलेला जोडीचा मार्गही तिथे दिसतो: यांग श्यान-यी चिनी, त्यांच्या पत्नी ग्लॅडिस इंग्रज.

दूरचा विचार करायचा तर पेकिंग विद्यापीठाकडे पाहावे. जी श्यानलिन आणि जिन खमू यांनी 1960 मध्ये तिथे संस्कृत-पालीचा वर्ग सुरू केला. त्या वर्गात शिकलेल्या ह्वांग पाओशंग यांच्या नेतृत्वाखाली 2005 मध्ये संपूर्ण महाभारत सहा खंडांत चिनीत आले, आणि त्यासाठी आधार घेतला होता तो पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका वर्गाचे ते फळ होते. चिनीतून मराठीत येणाऱ्या साहित्यासाठी आपल्याकडे असा वर्ग अजून उभा राहायचा आहे, आणि ज्या विद्यार्थ्यांनी तो भरायचा ते आज आपल्याच शाळेत असतील.

सह्यवाटा:
सर्वांचे मनापासून आभार. ‘गावाकडचे घर’ आणि म्हणींमागच्या दोन-तीन छोट्या कथा, विशेषतः घोडा हरवलेल्या सीमेवरच्या म्हाताऱ्याची, एवढ्यापासून सुरुवात करीन. पहिला मसुदा इंग्रजीवरून करून प्राचीवाट यांच्याकडे पाठवला, तर आपण तो मुळाशी ताडून पाहाल का? आणि हक्कांचे काय करावे?

प्राचीवाट:
अवश्य पाठवा. माझ्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनाही त्यात घेईन. त्यांना मूळ वाक्य आणि आपले मराठी वाक्य समोरासमोर वाचायला मिळेल. लू शुन 1936 मध्ये वारले, त्यामुळे भारतातील साठ वर्षांची मुदत संपून मूळ कथा खुली झाली आहे. इंग्रजी अनुवादाचे हक्क मात्र वेगळे असतात, म्हणून छापण्यापूर्वी शेवटचा मसुदा मूळ चिनीवरूनच नव्याने बांधू. पहिल्या वाचनाला मुले काय विचारतात, ते शब्दशः लिहून ठेवा; टिपा कुठे लागतील, हे आपण त्यावरून ठरवू.