बझारोव निष्ठुर नाही वाटत मला

तुर्गेनेव या रशियन लेखकाच्या फादर्स अँड सन्स (१८६२) कादंबरीचा नायक बझारोव, त्याला आईबापाची काही पडलेलीच नाही असं बरेचदा म्हणतात, ते मला पटत नाही. मनाला जास्त लागतं ते खरं तर त्याच्या मित्राचं, अर्कादीचं वागणं. अर्कादीचा बाप बिचारा पुष्किनच्या कविता वाचत बसलाय, हा येतो, एकदम प्रेमाने, लहान मुलाच्या हातातून घ्यावं तसं पुस्तक काढून घेतो आणि त्याजागी एक जर्मन शास्त्राचं पुस्तक ठेवून हसत निघून जातो. भांडण नाही, आवाज नाही, पण बाप त्या क्षणी म्हातारा होतो हो, आणि वय किती तर ४४!

बझारोवचं वेगळं आहे. तीन वर्षांनी घरी आला आणि तीन दिवसांत निघाला हे खरंच, आईबाप नुसते बघत राहिले. पण शेवटी टायफसच्या तापाने मेलेल्या माणसाची चिरफाड करताना बोट कापतं तेव्हा तो बापाकडेच येऊन विष पसरू नये म्हणून जखम जाळायला कॉस्टिक (जाळणारं औषध) मागतो. बाप स्वतः लष्करात डॉक्टर होता, त्यामुळे कापून चार तास उलटून गेलेत म्हणजे आता उशीर झालाय हे दोघांनाही कळतं आणि तरी म्हातारा थरथरत्या हाताने जखम बघत राहतो, आईला काही कळू देत नाही. तो सीन मी दोनदा वाचला, दोन्ही वेळा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. अजून एक, रशियन नावात सन्स नाहीच, 'वडील आणि मुलं' असं आहे, म्हणजे त्यात मुलीही आल्या.