फ्लशची टाकी भरायला 20 मिनिटे लागतात

प्रश्न (लातूर)
नमस्कार. आमच्या कमोडमागची 10 लिटरची फ्लश टाकी पूर्वी दोन-तीन मिनिटांत भरत असे. गेल्या महिन्यापासून तिला 20 मिनिटे लागतात. शेजारच्या नळाला मात्र चांगली धार आहे. पाणी बोअरचे असून गच्चीवरच्या टाकीतून येते. प्लंबरने झाकणही न उघडता आतला सगळा संच बदलायला सांगितले. त्याआधी घरी काय तपासता येईल?

उत्तर (जालना)
नळाला धार आहे, म्हणजे गच्चीवरच्या टाकीकडे पाहण्याचे कारण नाही. अँगल कॉक (फ्लश टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करून कनेक्शन पाइप फ्लश टाकीकडच्या बाजूने सोडवावा आणि त्याचे तोंड बादलीत धरून कॉक पूर्ण उघडावा. धार जोरात आली तर अडथळा फ्लश टाकीत पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये आहे. मंद आली तर कॉकमध्ये किंवा पाइपमध्ये. आपल्याकडील बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात, आणि बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेल्या लहानशा जाळीतही बसतो. ती जाळी पकडीने अलगद काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावी व दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करावी. संडास धुण्याचे ॲसिड मात्र वापरू नये. जाळी परत बसवायला विसरू नका. आम्ही ती नकोशी म्हणून काढून टाकली, तेव्हा बारीक वाळू आत जाऊन वायसर खराब झाला आणि टाकी रात्रंदिवस वाहू लागली.

उत्तर (नांदेड)
वरील सल्ला योग्य आहे, परंतु क्षार हळूहळू साचतात आणि आपली अडचण एकाच महिन्यातली दिसते. त्या सुमारास नळाचे काही काम झाले होते का? संच बदलावाच लागला, तर दुकानदाराकडे कमी दाबावर चालणारा व्हॉल्व्ह मागावा, कारण गच्चीवरची टाकी 3 मीटर उंच असली तरी दाब जेमतेम 0.3 बार मिळतो.

प्रश्नकर्ता (लातूर)
दोघांचेही आभार. पाइपची धार जोरात होती. जाळीवर पांढरा थर होताच, पण तिच्या तोंडाशी टेफ्लॉन टेपचा (गळती थांबवायला नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी पट्टी) गुंडाळलेला तुकडा अडकलेला सापडला. मागच्या महिन्यात त्याच प्लंबरने अँगल कॉक बदलला होता. आता टाकी तीन मिनिटांत भरते.