गल्लीतला हिवाळा टिपतोय, पण कॅमेरा काढला की सगळे ताठ उभे राहतात. काय करावं?

पांझराकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही नवराबायको धुळ्यात राहतो, जुन्या भागात, गल्ली नंबर कितवी ते सांगत नाही कारण अर्धी गल्ली इथे वाचत असेल. दिवाळीनंतर दोघांनी ठरवलं की संक्रांतीपर्यंत फक्त आपल्या गल्लीतला हिवाळा टिपायचा, लळिंगचा किल्ला नको, एकवीरा देवीचं मंदिर नको, त्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत. फक्त रोजचं. सकाळी ओट्याखाली पेटलेला बंब आणि त्यात पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) कोंबणारी समोरची आजी, कानटोपीत नाकापर्यंत बुडालेली रिक्षाची वाट बघणारी पोरं, गॅलरीत उन्हाला टाकलेल्या गोधड्या, कोपऱ्यावरची शेकोटी जिच्यात खोकी, पुठ्ठे, मागच्या वर्षीचं कॅलेंडर, सगळं जातं.

आता अडचण अशी की मी कॅमेरा वर केला की आजी पदर सारखा करून फोटो स्टुडिओत आल्यासारखी बघते, पोरं दोन बोटं दाखवतात आणि शेकोटीवाले काका चक्क उभे राहून हात जोडतात. चारशेच्या वर फोटो झालेत, त्यातले निम्मे असेच. शेकोटीचा फोटो तर एक धड येत नाही, एकतर आग पांढरा गोळा नाहीतर चेहरे काळेठिक्कर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सौ. तिच्या साध्या मोबाइलवर जे काढते ते माझ्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा चांगलं येतंय, असं मी नाही, सगळे नातेवाईक म्हणतायत. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

तिरपं_ऊन
भाऊ आधी शेकोटीचं सांगतो. कॅमेरा ऑटोवर ठेवला की तो बाकीचा अंधार बघतो आणि फोटो उजळवत बसतो, मग आग पांढरी होणारच. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, एक ते दीड स्टॉप खाली घ्या आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची सेटिंग, ऑटोवरून काढून दिवसाच्या उजेडावर लावा, नाहीतर तो आगीचा तांबूसपणाच धुऊन टाकतो. तरी चेहरे काळे येत असतील तर पूर्ण अंधार व्हायची वाट बघू नका. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आभाळ निळं असतं, त्या वेळी आग पण दिसते, चेहरे पण दिसतात, मागचं घर पण दिसतं. सकाळी तोच खेळ उलटा, उजाडायच्या आधी.

वाफेचंही तसंच. चहाची, बंबातल्या पाण्याची, तोंडातली वाफ दिसायला उजेड मागून पाहिजे आणि मागे काहीतरी गडद पाहिजे, बंद दार किंवा सावलीतली भिंत. समोरून ऊन असेल तर वाफ गायब. हे कळायला मला दोन हिवाळे गेले.

अजून एक, वेळ बघत रहा. दिवाळीच्या सुमाराला साडेसहाला सूर्य वर असतो, संक्रांतीला सात वाजून गेल्यावर. लोकांना वाटतं २२ डिसेंबरला दिवस सगळ्यात लहान म्हणजे सूर्य पण तेव्हाच सगळ्यात उशिरा उगवत असेल, तसं नाही, आपल्याकडे सकाळ जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जाते. म्हणजे रिक्षाची वाट बघणारी तीच पोरं नोव्हेंबरात उन्हात दिसतील आणि जानेवारीत अंधारात, जागा तीच, वेळ तीच. ही मालिका तुमच्या हातात आयती आहे. आणि डिसेंबरात धुळ्यात भर दुपारी साडेबाराला पण सूर्य जेमतेम ४५ अंश वर असतो, माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते, त्यामुळे उन्हाळ्यासारखं दुपारी कॅमेरा कपाटात ठेवायची गरज नाही.

भुसावळची_माहेरवाशीण
कॅमेऱ्याचं मला कळत नाही पण एक विचारते, त्या आजीला विचारलं का तुम्ही? सकाळी सहाला बाईमाणूस गाऊनवर शाल गुंडाळून बंबाशी बसलेली असते, केस मोकळे, तोंड धुतलेलं नाही. माझ्या आईचा असा फोटो कोणी न सांगता काढला असता तर तिने त्याच बंबातलं पाणी अंगावर ओतलं असतं. ती पदर सारखा करते म्हणजे तिला माहितीये की हा फोटो चार जण बघणार, तिला तेवढा तरी हक्क द्या की. आणि काढलेले फोटो तिला दाखवले का? मोबाइलवर नाही, कागदावर. चार बाय सहाची प्रिंट काढून हातात द्या, देवघराशेजारी खोचेल ती, आणि पुढच्या वेळी तुमच्याकडे बघणार पण नाही, आपलं काम करत बसेल. नळाच्या दिवशी तर अजिबात आडवे जाऊ नका, कळशी लागेल.

खरं_सांगू_का
मला एक खटकलं. बंब, गोधडी, आजी, शेकोटी. तुमच्या गल्लीत गिझर नाहीत का? आमच्या गल्लीत तीस घरांत दोन बंब राहिलेत आणि फोटो मात्र सगळ्यांचे त्या दोन बंबांचेच. खरा हिवाळा म्हणजे गिझरच्या पाइपातून निघणारी वाफ, हुडी घालून कट्ट्यावर मोबाइलमध्ये मुंडी खुपसलेली पोरं, हेडफोनवरून कानटोपी घालून जिमला जाणारा, लग्नाच्या हॉलमध्ये साडीवर स्वेटर घालायचा की कुडकुडायचं हे ठरवत असलेल्या बायका. हे पण रोजचंच आहे ना? की जुनं दिसलं तरच फोटो? राग मानू नका, चांगलं काम करताय म्हणून बोललो.

दादरची_भाकर
काय भो, फोटू काढी राहिनात आनि भरीतना एकबी नही? पऱ्हाट्यावर वांगं भाजाना वासना फोटू निंघत नही हाई खरं शे, पन धूर तं निंघस ना!

जळगावकर_अस्सल
वरच्या दादांना अनुमोदन, मात्र भरीत काढायचं तर वांगी आमची पाहिजेत, बामणोदची. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, धुळेकरांनी उगाच क्रेडिट घेऊ नये. फोटो टाका लवकर.

माळ्यावरची_ट्रंक
थोडं वेगळं. फोटो कसा आला यापेक्षा त्याच्यासोबत काय लिहून ठेवता ते बघा. माझ्याकडे आजोबांच्या ट्रंकेतले चाळीसेक फोटो आहेत, छान आहेत, पण मागे एक अक्षर नाही, आता घरात कोणालाच सांगता येत नाही की तो ओटा कोणाचा आणि पगडीवाला माणूस कोण. तुमच्या त्या सरळ रेषेतल्या पेठा-गल्ल्या १८१९ च्या सुमाराला इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने आखल्या म्हणतात, त्या दोनशे वर्षांत तिथे सकाळी पाणी कशावर तापवत होते, हिवाळ्यात काय पांघरत होते, हे बघायला आपल्याकडे किती फोटो आहेत? इतिहासकार वि. का. राजवाडे लोकांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा करत गावोगाव हिंडले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तुमच्याच धुळ्यात गेले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तर तुमच्या गावातच आहे. तर तारीख, वेळ, कोणाचा ओटा, बंबात काय जाळलं, पऱ्हाट्या की फर्निचरचा भुसा, त्या दिवशी थंडी किती होती, एवढं वहीत लिहा. फोनमध्ये नको, फोन बदलला की संपलं. आणि हो, नाव लिहायला सुद्धा त्या माणसाला विचारूनच.

पांझराकाठ
सगळ्यांचे आभार. खरं_सांगू_का, टोचलं पण बरोबर आहे, चारशेपैकी गिझर एकात पण नाही, आमच्याच घरात गिझर आहे हे लिहायला पण लाज वाटतेय. आजीला काल चार प्रिंट नेऊन दिल्या. तिने दोन परत केल्या, म्हणाली ह्यात मी म्हातारी दिसते. उरलेल्या दोन घेतल्या, त्या दोन्ही सौ.च्या मोबाइलमधल्या निघाल्या. आता काय बोलणार.

पांझराकाठ
मी ह्यांची बायको लिहितेय, ह्यांच्याच अकाउंटवरून, हे आंघोळीला गेलेत (गिझरच्या पाण्याने). माझे फोटो चांगले का येतात ते मोबाइलमुळे नाही. हे गल्लीच्या मधोमध उभे राहतात, एक डोळा बंद, आणि शूऽऽ हलू नका म्हणतात. मी आजीच्या ओट्यावर मेथी निवडायला बसते. अर्धा तास तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकते, तीळ कुठे स्वस्त मिळतात ते ऐकते, मोबाइल सुपात मेथीच्या शेजारी पडलेला असतो, मधेच उचलते, काढते, परत ठेवते. फोटो काढू का हे तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ती म्हणाली काढ पण माझे पाय नको येऊ देऊस, भेगा पडल्यात थंडीने. म्हणून माझ्या एकाही फोटोत तिचे पाय नाहीत. ह्यांच्या सगळ्या फोटोत आहेत.

रविवारी गल्लीत भरीत आहे, पाच किलो वांगी सांगितलीत, हो जळगावकर दादा, बामणोदचीच. ह्यांना ठेचायला बसवणारे, कॅमेरा माझ्याकडे.